अध्यापक आणि कर्मचाऱ्यांच्या संशोधन-कामगिरीची तिमाही यादी: नोंदी पडताळायच्या कशा, मोजायचं काय?

यादी_संकलक

विद्यापीठातल्या अध्यापकांची आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची अलीकडची संशोधन-कामगिरी दर तीन महिन्यांनी एका यादीत प्रसिद्ध करायची आहे. विभाग फॉर्म भरून पाठवतात. त्यात शोधनिबंध, परिषदांमधली व्याख्यानं, पेटंट, अनुदानं, पुरस्कार असं सगळं एकत्र येतं.

अडचणी चार आहेत. एकच निबंध तीन विभागांकडून तीनदा येतो आणि दर वेळी शीर्षक थोडं वेगळं असतं. मागच्या तिमाहीत ऑनलाइन आलेला निबंध आता अंकात छापून आला म्हणून पुन्हा पाठवला जातो. ‘आंतरराष्ट्रीय पेटंट मिळालं’ अशी नोंद असते आणि जोडलेला कागद नुसत्या अर्जाची पोच असतो. शिवाय तंत्रज्ञ, ग्रंथपाल, संगणक-विभागातली माणसं यांच्याकडून जवळजवळ काहीच येत नाही, त्यामुळे शीर्षकात ‘आणि कर्मचारी’ लिहिलेलं असूनही आत फक्त अध्यापकच दिसतात.

नोंदी तपासायची पक्की पद्धत हवी आहे. हाताशी दोन माणसं आणि एक्सेल, एवढंच साधन आहे.

---

नोंद_तपासनीस

शीर्षक बाजूला ठेवा आणि डीओआयपासून, म्हणजे निबंधाच्या कायमच्या डिजिटल ओळख-क्रमांकापासून, सुरुवात करा. विभागाकडून येईपर्यंत शीर्षकातलं उपशीर्षक गळतं, ग्रीक अक्षर शब्दात लिहिलं जातं, कोलनच्या जागी डॅश येतो. डीओआय तसाच राहतो. फक्त तो आला तसा जुळवू नका. कुणी पूर्ण दुवा चिकटवतं, कुणी आधी ‘डीओआय’ आणि कोलन लिहितं, कुणाच्या नोंदीत शेवटचा पूर्णविराम चिकटून येतो. ‘१०.’च्या आधीचं सगळं काढा, शेवटचा पूर्णविराम किंवा स्वल्पविराम काढा, मधल्या-शेवटच्या मोकळ्या जागा काढा आणि सगळी रोमन अक्षरं लहान करून घ्या. डीओआयमध्ये लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, पण स्क्रिप्टने जुळवायला गेलात तर ती फरक धरते. शेवटी कंस असेल तर तो डोळे मिटून काढू नका. जुन्या निबंधांच्या डीओआयमध्ये कंस खरोखरच असतात आणि तो काढला की दुवा उघडत नाही.

साफ केलेला डीओआय क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून शीर्षक, जर्नल, लेखकांचा क्रम आणि तारखा तिथूनच उचला. ही माहिती कुणालाही फुकट मिळते. फॉर्मवरचं शीर्षक फक्त शोधायच्या कामाचं, छापायच्या नाही. क्रॉसरेफमध्ये नोंद सापडली नाही म्हणून ती लगेच खोटी ठरवू नका. डेटासेट, सॉफ्टवेअर आणि अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावरच्या प्रीप्रिंटचे, म्हणजे परीक्षणाआधीच खुल्या केलेल्या निबंधांचे, डीओआय डेटासाइट या दुसऱ्या संस्थेकडे नोंदवलेले असतात, तेव्हा तिथेही बघा.

आता तारीख. एका निबंधाला निदान चार तारखा असतात: हस्तलिखित मिळालं, स्वीकारलं, ऑनलाइन आलं, अंकात छापलं. यातली कोणती धरायची ते एकदा ठरवा आणि यादीच्या डोक्यावर छापा. माझ्या मते अंतिम प्रकाशित आवृत्ती पहिल्यांदा ऑनलाइन आली तीच तारीख धरावी, कारण ती एकदाच येते. क्रॉसरेफमधल्या ‘इश्यूड’ या रकान्यात ऑनलाइन आणि छापील यांतली आधीची तारीख असते. कधी तिथे नुसतं वर्षच दिसतं, तेव्हा प्रकाशकाच्या पानावर जाऊन बघावं लागतं. ‘क्रिएटेड’ हा रकाना मात्र वापरू नका. डीओआयची नोंद झाली तो दिवस तिथे असतो. जर्नलने जुने अंक नंतर डिजिटल केले असतील तर ती तारीख आणि खरं प्रकाशन यांत दशकांचं अंतर पडतं.

प्रीप्रिंट आणि नंतरचा निबंध यांचे डीओआय वेगवेगळे असतात, त्यामुळे वरच्या गाळणीतून ही जोडी सुटते. क्रॉसरेफमध्ये दोघांना जोडणारी नोंद करायची सोय आहे, पण पुष्कळ ठिकाणी ती केलेलीच नसते. म्हणून दुसरी गाळणी लावा: शीर्षकातली विरामचिन्हं काढून पहिली चाळीस अक्षरं आणि त्याला जोडून पहिल्या लेखकाचं आडनाव. तरीही काही जोड्या सुटतील, कारण परीक्षणानंतर शीर्षकं बदलतात. एकाच माणसाच्या नोंदी एकाखाली एक लावून शेवटी डोळ्यांनीच बघा, त्याला दुसरा मार्ग नाही.

झेनोडो या खुल्या भांडारात ठेवलेल्या डेटाचंही असंच होतं. तिथे प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून आणखी एक असतो. चार आवृत्त्या असलेली एकच फाइल पाच कामगिऱ्या म्हणून येऊ शकते. सगळ्यांचा मिळून असलेला तेवढा छापा.

एक्सेलबद्दल: चिकटवायच्या आधीच सगळे रकाने ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर पृष्ठ क्रमांक ‘५-११’ची तारीख होते आणि नंतर रकाना टेक्स्ट केला तरी मूळ आकडे परत येत नाहीत.

मोजणीत विभागाची बेरीज आणि विद्यापीठाची बेरीज वेगळी ठेवा. समजा तीन विभागांकडून १२, ९ आणि ७ नोंदी आल्या. त्यात एक निबंध तिघांचा सामाईक आहे आणि आणखी दोन निबंध दोघा-दोघांचे. विभागांची बेरीज २८ होते, पण निबंध २४च आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत. एकाच्या जागी दुसरा छापला की मात्र चूक होते.

---

ऑर्किड_मदत

वरची पद्धत निबंध ओळखते. माणूस ओळखायला ऑर्किड क्रमांक लागतो. आडनावाचं रोमन स्पेलिंग एकच माणूस दोन-तीन प्रकारे करतो, काही जर्नलं पहिलं नाव आद्याक्षरावर आणतात, कुणाचं आडनाव मध्येच बदलतं, आणि एकाच विभागात एका नावाची दोन माणसंही असतात. नावावरून जुळवाजुळव केली की एकाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर जातं. ऑर्किडची नोंदणी २०१२ पासून सुरू आहे, क्रमांक फुकट मिळतो आणि नोकरी बदलली तरी तोच राहतो. अध्यापकांइतकाच तो तंत्रज्ञालाही मिळतो, हे तुमच्या फॉर्मवर स्पष्ट लिहा.

क्रमांक सोळा स्थानांचा असतो. शेवटचं स्थान पडताळणीचं, त्यामुळे टाइप करतानाची चूक कागदावरही पकडता येते. ऑर्किडवाले उदाहरणासाठी जोसाया कारबेरी या काल्पनिक प्राध्यापकाचा क्रमांक वापरतात, तोच घेऊ: ००००-०००२-१८२५-००९७. शेवटचा ७ झाका. डावीकडून एकेक अंक घ्यायचा, आधीच्या उत्तरात मिळवायचा आणि बेरजेची दुप्पट करायची. सुरुवातीच्या सात शून्यांपर्यंत उत्तर शून्यच राहतं. मग २ आला, दुप्पट ४. त्यात १ मिळवून दुप्पट १०. ८ मिळवून ३६. २ मिळवून ७६. ५ मिळवून १६२. पुढच्या दोन शून्यांनी ३२४ आणि ६४८. शेवटी ९ मिळवून १३१४. याला ११ने भागलं की बाकी ५ उरते. १२ मधून ५ गेले, ७ राहिले, आणि झाकलेला अंकही ७च. उत्तर १० आलं तर तिथे एक्स हे अक्षर असतं, ११ आलं तर ०, १२ आलं तर १. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवलं की पुरतं. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ते इथे अडकतं. चुकून सहकाऱ्याचा क्रमांक चिकटवला असेल तर ही पडताळणी गप्प बसते, म्हणून क्रमांक उघडून नाव बघणं टळत नाही.

हायफन काढून क्रमांक एक्सेलमध्ये टाकू नका. तो संख्या समजला जातो आणि सुरुवातीची शून्यं जातात.

संस्थेच्या नावाचीही हीच गत. एकाच विद्यापीठाचं नाव निबंधांवर पूर्ण, संक्षिप्त, फक्त विभागाचं किंवा घटक महाविद्यालयाचं असं येतं. २०१९ पासून संस्थांसाठी आरओआर क्रमांक आहेत. ओपनअ‍ॅलेक्समध्ये (ही निबंधांची खुली सूची आहे) आरओआर क्रमांकावरून तुमच्या विद्यापीठाचे अलीकडचे निबंध काढा आणि विभागांच्या फॉर्मशी ताडून बघा. तिथे लेखक जुळवण्याचं काम संगणक करतो आणि त्यात चुका असतात, तेव्हा ती यादी तशीच्या तशी छापू नका. कुणाचं काय राहून गेलंय ते कळायला मात्र ती फार उपयोगी पडते. फॉर्म न भरणाऱ्यांचं काम तिथेच सापडतं.

---

पेटंट_कक्ष

पेटंटच्या नोंदीत क्रियापद सर्वांत महत्त्वाचं. अर्ज दाखल झाला, अर्ज प्रकाशित झाला, पेटंट मंजूर झालं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दाखल तारखेपासून साधारण १८ महिन्यांनी कार्यालय अर्ज प्रकाशित करतं. ते ठरलेल्या वेळेनुसार होतं. दावे मान्य झाले असा त्याचा अर्थ नसतो. ‘पेटंट प्रकाशित’ असं छापलं की वाचणाऱ्याला मंजुरीच वाटते. ‘पेटंट अर्ज प्रकाशित’ असं लिहा, ‘अर्ज’ हा शब्द गाळू नका.

‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ अशी गोष्ट अस्तित्वात नाही. पीसीटी या पेटंट-सहकार्याच्या करारानुसार जो होतो तो आंतरराष्ट्रीय अर्ज. त्याचा प्रकाशन क्रमांक ‘डब्ल्यूओ’ने सुरू होतो. पुढे बहुतेक देशांत पहिल्या तारखेपासून ३० महिन्यांच्या आत प्रत्येक देशाच्या किंवा प्रदेशाच्या कार्यालयात वेगळं जावं लागतं आणि मंजुरी तिथेच मिळते किंवा नाकारली जाते. म्हणून जोडलेल्या कागदावर ‘डब्ल्यूओ’ दिसलं की ओळ अशी: ‘पीसीटी अर्ज प्रकाशित’. क्रमांकाच्या शेवटचं अक्षरही बघा. युरोपीय आणि सध्याच्या अमेरिकी क्रमांकांत ‘ए’ म्हणजे प्रकाशित अर्ज, ‘बी’ म्हणजे मंजूर पेटंट.

डिझाइन नोंदणीचं प्रमाणपत्र हल्ली पेटंट म्हणून फार येतं. डिझाइन नोंदणी वस्तूच्या दिसण्याला संरक्षण देते. ती चालते कशी, याच्याशी तिचा संबंध नसतो. तिच्यासाठी वेगळा मथळा करा. एकाच शोधासाठी पाच देशांत अर्ज असतील तर तो एक शोध, पाच क्रमांक. मोजताना एकच.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. ज्या शोधाचा अर्ज अजून दाखलच झालेला नाही, त्याचं वर्णन तुमच्या यादीत छापलं गेलं तर ते जाहीर प्रकटीकरण ठरतं आणि शोधाचं नावीन्य जाऊ शकतं. अमेरिकेत १२ महिन्यांची सवलत आहे. युरोपात, गैरवापराने झालेल्या प्रकटीकरणासारखे मोजके अपवाद सोडले तर, सवलत नाही. उत्साहाने पाठवलेली दोन वाक्यं संशोधकाची काही वर्षांची मेहनत वाया घालवू शकतात. म्हणून फॉर्मवर पेटंटच्या भागात दाखल तारीख आणि अर्ज क्रमांक हे रकाने सक्तीचे करा आणि ते रिकामे असतील तर ओळ रोखून ठेवा. अर्ज दाखल असून अजून प्रकाशित नसेल तर शीर्षकाच्या पुढे तपशील देऊ नका, आणि शीर्षकही शोधकाला विचारूनच.

अनुदानाचं थोडक्यात: मंजुरीपत्राची तारीख धरा. पूर्ण प्रकल्पाची रक्कम आणि तुमच्या विद्यापीठाचा वाटा दोन्ही लिहा, मुख्य संशोधक की सहसंशोधक तेही लिहा. जास्तीचा निधी न देता नुसती मुदत वाढवून मिळाली असेल तर ते नवं अनुदान नव्हे.

---

प्रयोगशाळा_समन्वय

कर्मचाऱ्यांकडून काही येत नाही, कारण फॉर्म त्यांच्यासाठी लिहिलेलाच नसतो. पहिला रकाना ‘निबंधाचं शीर्षक’, दुसरा ‘जर्नल’. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवणारा माणूस तिथेच थांबतो. त्याच्या हातून काय घडलं ते विचारा: नवी नमुना-तयारीची पद्धत बसवली का, उपकरणाचं अंशांकन करून मोजमापातली चूक कमी केली का, डेटासेट नीट वर्णनासह खुला केला का, सॉफ्टवेअरची आवृत्ती प्रसिद्ध केली का, कार्यपद्धतीचा दस्तऐवज डीओआयसह ठेवला का, संग्रहाची सूची पूर्ण केली का.

दुसरा मार्ग निबंधांतूनच जातो. ‘क्रेडिट’ नावाची योगदानाची वर्गवारी आहे, तिच्यात १४ भूमिका आहेत आणि २०२२ मध्ये ती अमेरिकेत निसो या मानक-संस्थेचं मानक म्हणून मान्य झाली. बरीच जर्नलं निबंधाच्या शेवटी त्यानुसार कुणी काय केलं ते छापतात. त्यातल्या ‘डेटाची निगा’, ‘सॉफ्टवेअर’, ‘पडताळणी’, ‘साधनसामग्री’, ‘दृश्यांकन’ या भूमिकांसमोरची आद्याक्षरं वाचा. कर्मचारी तिथे सापडतात. लेखकांच्या यादीत सातव्या क्रमांकावर असलेली संख्याशास्त्राची जाणकार विश्लेषणाची एकटी धनी असते, ही गोष्ट लेखकांच्या क्रमावरून कधीच कळत नाही.

तिसरा मार्ग आभाराच्या परिच्छेदाचा. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाच्या चार अटी घातल्या आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात. नुसती तांत्रिक मदत, नुसता निधी आणणं किंवा नुसती देखरेख केली तर नाव आभारात जातं. तेव्हा आभारात नाव असलेल्या तंत्रज्ञाला तुमच्या यादीत ‘सहलेखक’ करू नका, पण त्याला गाळूही नका. ओळीच्या शेवटी ‘सूक्ष्मदर्शकीय प्रतिमांकन: अमुक, उपकरण केंद्र’ एवढं लिहायला अर्धी ओळ लागते. आणि छापण्याआधी त्या माणसाला दाखवा. आपलं काम दुसऱ्याने चुकीच्या शब्दांत मांडलं की फार लागतं.

लेखकांच्या क्रमावरून मोठेपणा ठरवू नका हे अध्यापकांनाही लागू आहे. गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमे असतात. कणभौतिकीतही तसंच: हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाच्या २०१५ च्या निबंधावर ५,१५४ लेखक होते. अशा ठिकाणी ‘पहिले लेखक’ हा रकानाच निरर्थक आहे. ‘अमुक प्रयोग-गटाचे सदस्य’ असं लिहा आणि त्या व्यक्तीने गटात नेमकं काय केलं ते तिलाच विचारा.

---

भाषा_संपादन

नोंदी खऱ्या असल्या आणि वाक्यं निर्जीव असली तर यादी कुणी वाचत नाही. ‘प्रतिष्ठित आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये उच्च इम्पॅक्ट फॅक्टरसह निबंध प्रकाशित’ या ओळीत संशोधन कुठेच नाही. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा आकडा आहे: आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला यंदा मिळालेले संदर्भ, भागिले त्या दोन वर्षांतल्या संदर्भयोग्य लेखांची संख्या. मोजके निबंध ढीगभर संदर्भ घेतात आणि बाकीच्यांना थोडे मिळतात, त्यामुळे सरासरीवरून एका निबंधाबद्दल काही ठरत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्यात नेमकं हेच सांगितलं आहे, की जर्नलच्या मापावरून एकेका निबंधाची किंवा माणसाची किंमत करू नये. तुमच्या विद्यापीठाने त्यावर सही केली असेल तर यादीत तो आकडा छापणं हा आपल्याच शब्दाचा भंग आहे.

ओळीत चार गोष्टी असाव्यात: प्रश्न काय होता, काय आढळलं, कशात आढळलं, आणि डीओआय. एक प्रसिद्ध उदाहरण घ्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचा २००५ चा ‘इम्युनिटी’मधला निबंध. त्यावर त्या तिमाहीत अशी ओळ लिहिता आली असती: ‘प्रयोगशाळेत बनवलेला आरएनए पेशींची रोगप्रतिकारक यंत्रणा परका समजते. त्यातल्या काही न्यूक्लिओसाइड या घटकांच्या जागी स्यूडोयूरिडिनसारखी बदललेली रूपं घातली तर ही प्रतिक्रिया दबते, असं संवर्धित मानवी पेशींवरच्या प्रयोगांत आढळलं.’ लस, क्रांती, उपचार यांतला एकही शब्द त्यात नाही आणि तेव्हा तो घालायचा हक्कही नव्हता. याच शोधासाठी दोघांना २०२३ चं नोबेल मिळालं. जे सापडलं तेवढंच नेमकं लिहिलेली ओळ अठरा वर्षांनीही तशीच खरी उतरली असती.

‘कशात आढळलं’ हा भाग सर्वांत जास्त गळतो. पेशींवर, उंदरांवर, चाळीस रुग्णांवर की संगणकीय प्रतिमानावर, हे वाक्यातच हवं. ‘सिद्ध केलं’ हे क्रियापद गणितासाठी ठेवा, बाकीच्यांना ‘आढळलं’, ‘मोजलं’, ‘दाखवून दिलं’ पुरतं.

परिषदांसाठी चार वेगळे शब्द ठरवा: बीजभाषण, निमंत्रित व्याख्यान, निबंधवाचन, भित्तिपत्र. कार्यक्रमपत्रिकेचं पान मागवा आणि तिथे जे लिहिलंय तेच छापा. आणि स्वीकारल्याचं पत्र आलेल्या पण जर्नलच्या बातमीबंदीखाली असलेल्या निबंधाची ओळ बंदी उठण्याच्या वेळेपर्यंत थांबवा. यादी संकेतस्थळावर आदल्या रात्री चढली तरी ते बंदी मोडणंच होतं.

---

यादी_संकलक

फार उपयोगाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. पेटंटचे दोन्ही रकाने सक्तीचे करतो आणि कर्मचाऱ्यांसाठी फॉर्मचं वेगळं पान करतो. दोन शंका उरल्या. नव्याने रुजू झालेल्या अध्यापकाचा निबंध आता आला, पण त्यावर जुन्या संस्थेचं नाव आहे. तो घ्यायचा का? आणि यादीत छापलेला निबंध नंतर मागे घेतला गेला तर काय करायचं?

---

नोंद_तपासनीस

पहिल्याचं उत्तर: व्यक्तीच्या कामगिरीत घ्या, विद्यापीठाच्या बेरजेत घेऊ नका. ओळीच्या शेवटी ‘काम आधीच्या संस्थेत झालं’ असं लिहा. निबंधावर छापलेली संस्था बदलायचा अधिकार आपल्याला नाही. कधी लेखक तळटीपेत ‘सध्याचा पत्ता’ म्हणून तुमच्या विद्यापीठाचं नाव देतात, तेही बेरजेसाठी धरू नका. उलट बाजूही सांभाळा: जो सोडून गेला पण ज्याच्या निबंधावर तुमचं नाव आहे, तो निबंध बेरजेत येतो, जरी त्याचा फॉर्म कुणी भरणार नसलं तरी. तो वर सांगितलेल्या ओपनअ‍ॅलेक्सच्या यादीतच सापडेल.

दुसऱ्याचं: जुनी ओळ पुसू नका. तिच्यापुढे ‘निबंध मागे घेतला’ अशी खूण, मागे घेतल्याची तारीख आणि त्या सूचनेचा डीओआय द्या, आणि एकूण आकडा दुरुस्त करा. निबंधातली नुसती दुरुस्ती असेल तर दुरुस्ती-सूचनेचा डीओआय पुरतो, आकडा तोच राहतो. हे कळण्यासाठी दर तिमाहीला मागच्या सगळ्या डीओआयची यादी रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या निबंधांच्या माहितीसंचाशी जुळवा. तो सप्टेंबर २०२३ पासून क्रॉसरेफने सर्वांसाठी खुला केला आहे आणि साध्या सारणीच्या फाइलमध्ये उतरवून घेता येतो. त्यात मूळ निबंधाचा डीओआय आणि मागे घेतल्याच्या सूचनेचा डीओआय असे दोन वेगळे रकाने आहेत. मूळ निबंधाच्या रकान्याशीच जुळवा, आणि त्याआधी त्या फाइलमधलीही अक्षरं लहान करून घ्या. नाहीतर काही जुळण्या सुटू शकतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.